कलेच्या मंचावर बरोबरीचे स्थान

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून साजरे केले. ‘संपूर्ण सहभाग आणि समानता’ हे त्या वर्षाचे सूत्र होते. शिक्षण, नोकरी व औषधोपचार या बाबतींत या सूत्राचा अर्थ समाजास लवकर उमगला. कलेच्या बाबतीत मात्र तो अद्याप पुरेसा रुजलेला नाही. गावच्या कार्यक्रमात एखादे अंध मूल गाते, तेव्हा टाळ्या भरपूर पडतात. परंतु त्या टाळ्यांत कित्येकदा रसिकतेपेक्षा कणवच अधिक असते. कणवेने कलावंत घडत नाही. तो घडण्यास गुरू, सहकारी आणि जबाबदारीचे काम लागते. देशोदेशींच्या दिव्यांग व अव्यंग कलावंतांनी एकत्र येऊन केलेल्या कार्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबईहून मेक्सिकोला

चित्रकार सतीश गुजराल (१९२५-२०२०) यांची श्रवणशक्ती बालपणीच गेली. लाहोर येथे आरंभीचे कलाशिक्षण घेतल्यावर ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. पुढे १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते मेक्सिकोस गेले आणि तेथे दिएगो रिव्हेरा व डेव्हिड सिकेरोस या जगद्विख्यात भित्तिचित्रकारांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली.

भित्तिचित्र हे एकट्याचे काम नव्हे. परांची बांधणे, गिलावा करणे, रेखाटन भिंतीवर उतरविणे, रंग भरणे, अशी अनेक हातांची ती कला आहे. रिव्हेरा ओल्या गिलाव्यावर रंगवीत, तर सिकेरोस कारखान्यांतील रंग व रंग फवारण्याची यंत्रे वापरीत. असे काम उमेदवार मुख्यतः गुरूच्या हाताकडे पाहून शिकतो. तेथे ऐकू न येणे हा अडसर राहत नाही. मायदेशी परतल्यावर गुजराल यांनी अनेक भित्तिचित्रे व शिल्पे घडविली. नवी दिल्लीतील बेल्जियमच्या वकिलातीच्या इमारतीचा आराखडाही त्यांचाच आहे. १९९९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला.

लंडन आणि ढाका

गुजराल यांचा प्रवास एका व्यक्तीच्या जिद्दीचा होता. पुढील काळात असे सहकार्य संस्थांच्या रूपाने उभे राहिले. इंग्लंडमध्ये १९८० साली ‘ग्रे-आय’ ही दिव्यांग कलावंतांची नाट्यसंस्था स्थापन झाली. १९९१ मध्ये सेलेस्ट डँडेकर आणि अ‍ॅडम बेंजामिन यांनी ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था काढली. डँडेकर या नर्तिकेस १९७३ मध्ये रंगमंचावरच अपघात झाला व त्यानंतर त्या चाकांच्या खुर्चीचा वापर करू लागल्या. त्यांच्या संस्थेत दिव्यांग व अव्यंग नर्तक एकाच नृत्यात भाग घेऊ लागले.

आपल्या शेजारच्या बांगलादेशातही असा प्रयोग झाला आहे. ‘ग्रे-आय’च्या कलासंचालिका म्हणून काम केलेल्या जेनी सीली स्वतः कर्णबधिर आहेत. ढाका थिएटर या नाट्यसंस्थेच्या सहकार्याने त्यांनी २०१६ मध्ये तेथील दिव्यांग कलावंतांना घेऊन शेक्सपिअरचे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ बंगाली रंगभूमीवर आणले.

या सर्व प्रयत्नांचे यश सदिच्छेइतकेच व्यवस्थेवर अवलंबून असते. अंध नटास संहिता ऐकवून अथवा ब्रेल लिपीत द्यावी लागते. कर्णबधिर नर्तकास तालाची खूण डोळ्यांना दिसावी लागते. लाकडी मंचाचा कंप त्याच्या पावलांनाही ताल सांगतो. चाकांच्या खुर्चीसाठी मंचास पायऱ्यांऐवजी उतार हवा. या सोयी फार खर्चाच्या नाहीत. त्या आधी ठरवाव्या लागतात, एवढेच.

मिरज आणि गदग

सीमाभागास ही गोष्ट अगदी नवीन नाही. गदगचे पंचाक्षरी गवई (१८९२-१९४४) अंध होते. हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण त्यांनी मिरजेचे नीलकंठबुवा यांच्याकडे घेतले. मिरजेची विद्या अशा रीतीने मराठी मुलखातून कानडी मुलखात गेली. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवयांनी अंध आणि डोळस अशा दोन्ही शिष्यांना घडविले. विख्यात गायक बसवराज राजगुरू हे त्यांचे डोळस शिष्य, तर पुट्टराज गवई (१९१४-२०१०) हे अंध शिष्य. पुट्टराजांनी आश्रमाची धुरा पुढे वाहिली व २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. येथे अंध गुरू देणारा होता आणि डोळस शिष्य घेणारा होता, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

हुलसूरसारख्या गावी

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्यातील तिसाव्या कलमानुसार दिव्यांगांच्या कलागुणांचा विकास केवळ त्यांच्या हितासाठी नसून समाजाच्या समृद्धीसाठीही आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातही सांस्कृतिक जीवनाविषयी स्वतंत्र कलम आहे.

मराठी व कन्नड या दोन्ही भाषा कानी पडणाऱ्या हुलसूरसारख्या गावी या कलमांची अंमलबजावणी शाळेच्या स्नेहसंमेलनापासून व भजनी मंडळापासून करता येईल. शिक्षकांनी दिव्यांग मुलाचा कार्यक्रम वेगळा न ठेवता त्याला समूहगीतात, नाटकात खरी भूमिका द्यावी आणि तालमीस नियमित बोलवावे. चूक झाल्यास इतरांप्रमाणेच ती सुधारून घ्यावी. ग्रामपंचायतीने समाजमंदिराच्या मंचास उतार करून द्यावा. पालकांनी मुलास घरात न ठेवता तालमीस पाठवावे. पंचाक्षरींना मिरजेचा गुरू लाभला नसता, तर गदगची ती परंपरा उभीच राहिली नसती. आज आपल्या गावातील असे एखादे मूल कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत असेल. ती हाक वेळेवर देणे हे गावाचे काम आहे.