घोडनदीकाठचे जुने गाव आणि त्याचा पाट



पाटाला पाणी कधी सुटणार आणि आपली पाळी कधी येणार, ही चौकशी आपल्याकडे घरोघरी चालते. धरणे झाली म्हणून ही चौकशी सुरू झाली, असे आपण समजतो. पण याच महाराष्ट्रात तीन हजार वर्षांपूर्वी एका गावाने नदीकाठी बांध घालून पाट खोदला होता. त्या गावाचे पुढे काय झाले, हे उसाला पाणी देणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगे आहे, म्हणून ही माहिती देत आहोत.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोडनदीच्या उजव्या काठी इनामगाव आहे. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे आपल्याला ठाऊकच आहे. इनामगावजवळ अशाच जुन्या पांढरीची टेकाडे होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झै. दा. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे पडले. ही वस्ती साधारण इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदली. त्या वेळी लोखंड नव्हते. हत्यारे गारगोटीसारख्या दगडाची, आणि थोडे तांबे.

शेती आणि पाणी

या लोकांचे मुख्य पीक जव, म्हणजे सातू. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि कुळीथ. जळून कोळसा झालेले दाणे मातीत टिकून राहिले, त्यावरून हे कळले. गव्हाला पाणी लागते, आणि हा मुलूख तर अवर्षणाचा. त्यांनी उपाय काढला. गावाच्या कडेला दगडमातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातला आणि त्याला लागून चारेक मीटर रुंदीचा खोल पाट खोदला. पुराचे पाणी गावात शिरू नये आणि तेच पाणी पाटात वळावे, असा दुहेरी हेतू त्यात दिसतो. जेसीबी नाही, पहार नाही, सिमेंट नाही. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. गाव एक झाल्याशिवाय असा पाट होत नाही, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

गावचा कारभार

मग गावाला एकत्र कोणी आणले? बहुतेक घरे लहान, कुडाच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली. पण गावाच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर निघाले आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार, त्यात पेवे आणि कणग्या ठेवायचे ओटे. हे गावच्या मुख्याचे, आपल्या भाषेत पाटलाचे घर असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. गावकऱ्यांनी आपल्या धान्यातला वाटा तिथे जमा करायचा आणि अडीअडचणीला तो बाहेर काढायचा, अशी रीत असावी. कुंभार, सोनार असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत.

देवधर्म

लहान मूल दगावले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि मुलाला त्यात घालून घराच्याच जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून पुरीत, पण घोट्यापासून पाय तोडून टाकीत. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, ही भीती त्यामागे असावी. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष सापडला, आणि त्याचे पाय शाबूत होते. मोठ्या माणसाला मेल्यावरही वेगळा मान! एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, शिर नसलेली देवी आणि तिच्यासोबत बैलही मिळाला. शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यात बैल तेव्हापासून आहे.

उतरती कळा

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटले. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. गहू कमी झाला, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर वाढला. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली. पाऊसमान घटले म्हणून हे झाले, असे डॉ. ढवळीकरांचे मत. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने तिथल्या लहान मुलांचे सांगाडे तपासले. तिचा ग्रंथ २०११ साली निघाला. उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. पण दोष एकट्या पावसाचा नाही, त्याच त्या जमिनीवर वाढत गेलेला ताणही त्याला कारण आहे, असे तिचे म्हणणे. म्हणजे मुलांच्या हाडांवर शेतीचा हिशेब लिहिलेला होता.

असे आपल्याकडेच झाले असे नाही. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोचला, त्याच्या कितीतरी आधी तिथे माया लोकांची मोठी नगरे होती. दक्षिणेकडची पुष्कळ नगरे नवव्या शतकात ओस पडू लागली. राजांच्या लढाया, वाढलेली वस्ती आणि वारंवारचे दुष्काळ अशी कारणे सांगतात. उत्तर अमेरिकेत मेसा व्हर्डे येथे मका पिकवणारे लोक छोटे बंधारे, तळी बांधून राहत. तेराव्या शतकाअखेर मोठा दुष्काळ पडला आणि तेही घरे सोडून गेले. जाता जाता सांगायचे तर मका, मिरची, भुईमूग, बटाटा ही त्या खंडातल्या लोकांचीच देणगी. इनामगावच्या चुलीवर मिरची कधी पडली नाही!

आपण काय घ्यावे?

एक. बांध आणि पाट असूनही गाव उठले. पाणी अडवले म्हणजे काम संपत नाही, जमीनही राखावी लागते. भरमसाट पाण्याने उसाच्या जमिनी क्षारपड होतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पाणी मोजून द्यावे, ठिबक करावे, पाचट जाळू नये आणि फेरपालट ठेवावी.

दोन. जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची आपल्याकडे चाल आहे. सपाटीकरणातही टेकाडे जातात. त्या मातीबरोबर आपल्याच पूर्वजांचा दप्तरखाना वाहून जातो. श्रीरामपूर तालुक्यात प्रवराकाठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला खोदताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची चार चित्रे सापडली. वजन साठ किलोंहून जास्त. ती मोडीत गेली असती तर आज कोणाला कळले असते? आपल्या रानात नक्षीची खापरे, रांजण, हाडे दिसली तर हात थांबवावा आणि तहसीलदार किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. मौल्यवान वस्तू निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारकच आहे.

इनामगावकरांनी आपल्यासाठी सातूचे जळके दाणे आणि एक बुजलेला पाट ठेवला. आपल्या मागून येणाऱ्यांच्या हाती निदान पिकती काळी राहावी, एवढे तरी आपण बघू या.