मोल कशाचे? शस्त्रक्रियेचे की बरे होण्याचे?

दिवाळी सरते न सरते तोच आमच्या युसूफ वडगावच्या परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ‘उचल’ आणि ‘कोयता’ हे शब्द केज तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या या टोळ्यांमधील स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. ८२ हजार ३०९ जणींपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पोट दुखले की खाडा, खाडा झाला की दंड; आणि डॉक्टरला पैसे मिळतात ते शस्त्रक्रियेचे, समजावून सांगण्याचे नव्हे!

अशा वेळी विमा काय करू शकतो? राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढल्या वर्षी राज्यभर पोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. तिच्यात विमा कंपनी आणि रुग्णालय यांचा दर ठरलेला, पूर्वपरवानगी सक्तीची, मदतीला आरोग्यमित्र. सुरुवातीच्या ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा-उपचारही होते. ही खरी मोलाची गोष्ट. आयुष्मान भारतमध्ये तर मानांकन मिळवणाऱ्या रुग्णालयाला जादा दर मिळतो.

पण मानांकन इमारतीला आणि व्यवस्थेला मिळते. घरी परतलेली बाई वर्षभराने कशी आहे, हे कोण विचारतो? माझे म्हणणे एवढेच, की देयकाचा काही भाग त्या उत्तरावर ठेवावा. औषधाने टळलेल्या शस्त्रक्रियेलाही दाम द्यावा. नाहीतर विम्याच्या पैशानेही कोयताच चालायचा, फक्त उसावर नव्हे.