रात्रभर झोपूनही स्टेअरिंगवर डुलकी येते? हा आजार असू शकतो

कोल्हापूरहून पहाटे पुण्याला निघायचं म्हटलं की घरातून हमखास सूचना येते, "झोप आली तर गाडी बाजूला घे." सूचना बरोबरच आहे. पण काही जणांना ती पुरत नाही. सात-आठ तास झोप झालेली असते, तरी किणी टोलनाका येईपर्यंत डोळे मिटायला लागतात. घरचे आळशी म्हणतात, मित्र टिंगल करतात. प्रत्यक्षात यामागे झोपेचा आजार असू शकतो.

यातला सर्वाधिक आढळणारा आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं, सकाळी मात्र त्यातलं काहीच आठवत नाही. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, गुदमरून जागं होणं ही त्याची लक्षणं. ती रुग्णापेक्षा शेजारी झोपणाऱ्यालाच जास्त माहीत असतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना बायकोला किंवा नवऱ्याला सोबत नेलेलं बरं. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असा समज आहे, तो इथे घात करतो.

नार्कोलेप्सी त्यामानाने दुर्मीळ. यात मेंदूची झोप आणि जाग सांभाळणारी यंत्रणाच बिघडते आणि दिवसा अनावर झोप येते. काहींना जोरात हसताना अचानक गुडघे ढिले पडल्यासारखं होतं.

गाडी चालवताना खरा धोका काही सेकंदांच्या डुलकीचा असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळपास 90 मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. ऊसतोडणीच्या हंगामात पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॉली असेल तर काय होईल, हे शिरोळ-हातकणंगलेकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा परिणाम फार वेळ टिकत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून कॉफी घेणं आणि 15-20 मिनिटं झोपणं त्यापेक्षा बरं, पण आजार असेल तर हाही तात्पुरताच उपाय.

स्वतःला तपासायची सोपी पद्धत म्हणजे एपवर्थ प्रश्नावली. 1991 मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर मरे जॉन्स यांनी ती मांडली. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारच्या जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे आठ प्रश्न आणि प्रत्येकाला 0 ते 3 गुण. गाडी ट्रॅफिकमध्ये काही मिनिटं थांबली असताना झोप लागेल का, हा त्यातलाच एक प्रश्न. बेरीज 10 पेक्षा जास्त आली तर डॉक्टरांना भेटा. कान-नाक-घसा, छाती किंवा मेंदूविकार तज्ज्ञ झोपेची तपासणी सुचवतात.

इथे गाडी अडते ती भीतीपाशी. निदान झालं तर लायसन्स जाईल, ट्रकवरची नोकरी जाईल, म्हणून अनेकजण गप्प बसतात. लायसन्सच्या अर्जातल्या फॉर्म 1 मध्ये अपस्माराबद्दल, अचानक शुद्ध हरपण्याबद्दल विचारलं जातं, झोपेच्या आजाराचं नाव घेतलेलं नाही. पण इतरांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार आहे का, हा प्रश्न त्यात आहेच. शिवाय असा आजार माहीत असूनही गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 186 नुसार गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये हे नियम जास्त स्पष्ट आहेत. तिथे नार्कोलेप्सी असेल तर लायसन्स देणाऱ्या संस्थेला कळवावंच लागतं, मात्र लक्षणं आटोक्यात आली की पुन्हा गाडी चालवता येते.

म्हणजे निदान झालं की गाडी कायमची सुटते असं नाही. अ‍ॅप्नियासाठी सीपॅप मशीन असतं. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते श्वासाची वाट उघडी ठेवतं आणि ते नियमित वापरणाऱ्यांमध्ये अपघाताचा धोका कमी होतो. नार्कोलेप्सीसाठी गोळ्या आणि दिवसातल्या ठरलेल्या छोट्या झोपा. तोवर, म्हणजे डॉक्टर हो म्हणेपर्यंत, स्टेअरिंग दुसऱ्याकडे द्यायचं किंवा एसटीने जायचं.

आणि मुक्कामाला जाताना मशीन घरी ठेवू नका. एक-दोन रात्री चुकल्या तरी दिवसाची झोप परत येऊ शकते, आणि परतीचा रस्ता तुम्हालाच चालवायचा असतो.