सांध्याची हाक

फुटबॉल हा धावपळीचा खेळ होय. धावता धावता एकाएकी थांबणे, क्षणात दिशा बदलणे, उंच उडी घेऊन एका पायावर उतरणे, या साऱ्याचा भार गुडघ्यावर व घोट्यावर पडतो. म्हणून सांधे हेच फुटबॉलपटूचे खरे धन.

सांध्यात दोन हाडांची टोके परस्परांना भिडतात. ती एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. नाकाच्या शेंड्याशी जो चिवट व लवचिक भाग हाताला लागतो, तीही कूर्चाच. हाडाला रक्ताचा पुरवठा असतो. त्यामुळे ते मोडले तरी पुन्हा जुळून येते. कूर्चेत मात्र रक्तवाहिन्या नसतात. ती एकदा झिजली, की सहसा पूर्ववत होत नाही.

हॉलंडचा विख्यात फुटबॉलपटू मार्को व्हॅन बास्टन याची कथा हेच सांगते. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान त्याला १९८८, १९८९ व १९९२ असा तीनदा मिळाला. परंतु त्याचा घोटा १९८६ सालीच दुखावला होता आणि तशा पायाने तो खेळत राहिला. पुढे अनेक शस्त्रक्रिया झाल्या, तरी घोटा बरा झाला नाही. मे १९९३ मध्ये इटलीतील मिलान संघाकडून तो अखेरचा स्पर्धात्मक सामना खेळला, तेव्हा त्याचे वय अवघे २८ वर्षे होते. दोन वर्षे उपचार करूनही गुण येईना; तेव्हा १९९५ साली त्याने निवृत्ती पत्करली.

कुस्तीतही असे घडते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुढील ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि त्यांची पुन्हा पदक जिंकण्याची आशा मावळली.

हा धोका केवळ मोठ्या स्पर्धांतच असतो असे नाही. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा मैदानावर धावताना भेगेत पाय अडकून मुरगळतो. त्या वेळी लंगडत खेळणाऱ्याची मित्र वाहवा करतात. पण वेदना ही सांध्याची हाक आहे. ती ऐकून खेळ तत्काळ थांबवावा, पाय उंचावर ठेवावा व त्यावर गार पाण्याची पट्टी ठेवावी. सुजलेला पाय चोळू नये. सूज न उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे व त्यांनी सांगितलेली विश्रांती पुरती घ्यावी. आज एक सामना सोडणाऱ्याला उद्या अनेक सामने खेळता येतात.