वैनगंगेचा मालवाहू रस्ता

2016 साली राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा झाला आणि देशातल्या जलमार्गांची संख्या 5 वरून एकदम 111 वर गेली. त्या यादीत 109 व्या क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता आहे. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून गोदावरीच्या संगमापर्यंतचा हा प्रवाह कायद्याच्या दृष्टीने आता मालवाहतुकीचा मार्ग झाला. मात्र वैनगंगा-प्राणहितेबद्दल सरकारला हे स्वप्न पहिल्यांदाच पडलेले नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्यावर सुमारे 70 लाख रुपये खर्च झाले होते, तेही त्या काळातले रुपये.

या नदीच्या खोऱ्यात खैरलांजी आहे. खैरलांजी म्हटले की मराठी वाचकाला 2006 साली भंडारा जिल्ह्यात झालेले दलित कुटुंबाचे हत्याकांड आठवते, आणि ते आठवायलाच हवे. इथे ज्या खैरलांजीचा संबंध आहे ती दुसरी: मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याचे, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेले एक तहसिलीचे गाव. वैनगंगा आणि बावनथडी यांच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. इथे पोवारी, मराठी आणि हिंदी एकाच अंगणात बोलल्या जातात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तुमसर-तिरोड्याशी शेकडो वर्षांची सोयरीक असलेल्या गावांमधून राज्याची हद्द गेली, आणि काही अंतर तर ती नदीच्या पात्रानेच आखली.

वैनगंगा उगम पावते शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावी. सातपुड्यात मोठे अर्धवर्तुळ घेऊन ती बालाघाटला उतरते, पुढे बाघ, बावनथडी, कन्हान, चुलबंद यांना पोटात घेत भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली ओलांडते. चपराळ्याजवळ वर्धा मिळाली की तिचे नाव प्राणहिता होते. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते आणि सातपुड्यात पडलेला पाऊस आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतो. नकाशावर बोट ठेवून ही रेघ ओढली की कुणाही राज्यकर्त्याला मोह पडावा अशीच ती आहे.

काठावर संपत्ती होती, याचा पुरावा पवनीत आहे. भंडारा जिल्ह्यातल्या या तटबंदीच्या गावी 1969-70 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली प्रचंड बौद्ध स्तूप निघाला, दात्यांची नावे कोरलेले दगड निघाले. एवढे दान करू शकणारी वस्ती नदीकाठी दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होती. तिथल्या मालाचा किती भाग पाण्यावरून आला आणि किती बैलांच्या पाठीवरून, हे दगड सांगत नाहीत. पुढच्या काळाचे चित्र मात्र स्पष्ट आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मीठ, धान्य आणि कापूस वाहिला तो बंजाऱ्यांच्या तांड्यांनी. वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. शेकडो मैलांची ही चाल, धूळ आणि पाऊस खात, कित्येक आठवड्यांची.

नदीवर राज्य होते ते ढीवरांचे. मासेमारी, डोंग्यातून माणसे पैलतीरी नेणे, तलावात शिंगाडे लावणे ही त्यांची कामे. पावसाळ्यात पाणी चढले की धान आणि लाकूड खाली सोडता येई. उन्हाळ्यात त्याच पात्रातून माणूस चालत जाई. नदीचा हा स्वभाव काठावरच्या पोरालाही ठाऊक होता.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि कंपनी सरकारने नागपूरचे राज्य खालसा केले. आदल्याच वर्षी इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनने धवळेश्वरम येथे गोदावरीवरचा बंधारा पूर्ण केला होता. त्रिभुज प्रदेशात कालव्यांनी शेतीही फुलवली आणि नावाही चालवल्या. कॉटनच्या मनात पुढचे गणित तयार होते. काकिनाड्यापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा यांवरून नाव नागपूरच्या उंबरठ्यापर्यंत नेली, तर हिंगणघाटचा कापूस रेल्वेपेक्षा स्वस्तात समुद्राला लागेल. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या गणिताला लंडनमध्ये पाठीराखे मिळाले. त्याच वर्षी मध्य प्रांत निर्माण झाला. त्याचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या योजनेचा कट्टर पुरस्कर्ता होता. नदीकाठच्या मुलखासाठी सिरोंचा हे ठाणे करून ‘अप्पर गोदावरी’ नावाचा वेगळा जिल्हाच आखला गेला.

अडचण होती खडकांची. समुद्राकडून वर येताना तीन ठिकाणी पात्रात मैलोन्‌मैल कातळ पसरलेला: पहिला अडथळा दुम्मागुडेमचा, दुसरा इंचमपल्लीचा, तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बाजूने कालवा आणि पाण्याची पातळी चढवून नाव वर नेणारी दारे बांधायची होती. कॅप्टन हेग या इंजिनिअरने काम हाती घेतले. दाट जंगल, हिवताप, मजुरांची टंचाई, आणि वर्षातले मोजकेच कामाचे महिने. दुम्मागुडेमला बंधारा उभा राहिला, तो आजही आहे. वरची कामे रेंगाळत राहिली.

तेवढ्यात 1867 साली मुंबईहून आगगाडी नागपूरला पोहोचली. कापसाला पश्चिमेचा किनारा मिळाला, तोही बारमाही. 1871 मध्ये सरकारने जलमार्गाची योजना सोडून दिली आणि 1874 मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला. कॉटनच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने लाखो लोकांना जेवू घातले, त्याच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण त्रिभुज प्रदेशातली सपाट, संथ गोदावरी आणि सातपुड्याच्या पावसावर जगणारी तिची ही वरची लेक यांना त्याने एकाच मापाने मोजले. योजना तिथेच फसली होती. रेल्वेने फक्त निकाल लवकर लावला.

वैनगंगा खोऱ्यातला माल पूर्व किनाऱ्याला गेला खरा, पण रुळांवरून. 1880 च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली रेल्वे तुमसर आणि तिरोड्याच्या दरम्यान वैनगंगा ओलांडून गेली. नदी मार्ग व्हायची होती, ती पुलाखालचे पाणी झाली. 1903 च्या सुमारास गोंदियाहून बालाघाटकडे छोटी गाडी धावू लागली. भरवेली आणि तिरोडीच्या खाणींतले मँगनीज डब्यांत भरले जाऊ लागले. 1931 मध्ये रायपूर-विजयनगरम मार्ग पूर्ण झाला, 1933 मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले. ते बांधण्यामागे मध्य प्रांतातले मँगनीज हे मोठे कारण होते.

विसाव्या शतकात सरकारचे लक्ष पात्रावरून पात्रातल्या पाण्याकडे वळले. इंग्रजी अमलातच बालाघाट जिल्ह्यात धुटीचा बंधारा झाला आणि त्याच्या कालव्यांवर धान पिकू लागले. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कीर्तीत या पाण्याचाही वाटा आहे. शिवनी जिल्ह्यात भीमगडला संजय सरोवर झाले. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. तेव्हा 372 कोटींचा असलेला तो प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला, शेकडो गावांना झळ बसली आणि पुनर्वसनाचे भांडण अजून मिटलेले नाही. आता तिथले पाणी पार बुलढाण्यापर्यंत नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला महाराष्ट्राने मंजुरी दिली आहे. पाणीच आता या नदीचा सर्वांत मोठा माल आहे. दुसरा माल रेती, ती घाटाघाटांवरून ट्रकांनी नागपूरकडे जाते.

वर धरण, मध्ये बंधारा, खाली पुन्हा धरण अशा नदीत पाण्याची पातळी ठरते दारे उघडण्या-मिटण्यावर. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार झाला, तेव्हा दोन राज्यांत निरोप वेळेवर पोहोचण्याची किंमत सगळ्यांना कळली. संगमाच्या खाली तेलंगणाने बांधलेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर 2023 मध्ये खचले. अशा प्रवाहावर मालाची जहाजे चालवायची असतील तर आधी महिन्या-महिन्याचे पाणी मोजून ते लोकांसमोर मांडावे, आणि दुम्मागुडेमचे जुने अहवाल वाचावेत. मासे घटल्याने आधीच हवालदिल झालेल्या ढीवर कुटुंबांना या जलमार्गाच्या बैठकांत पहिली खुर्ची मिळावी. पात्र त्यांच्याइतके कुणालाच माहीत नाही.

आणखी एक काम सरकारची वाट न पाहता करण्यासारखे आहे. खैरलांजी, तिरोडा, पवनी, सिरोंचा या भागांतल्या वाचकांच्या घरी जुने घाट, डोंग्यांचे थांबे, धान उतरवण्याच्या जागा यांच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांची सांगणी गावाच्या नावासह लिहून काढा आणि जवळच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात जमा करा.