ब्रेक मारला की गाडी का थरथरते?

तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरकडे निघालं की अनेकांना हा अनुभव येतो: एरवी गाडी ठीक, पण वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, ‘डिस्क वाकली, बदला.’ पैसे काढण्याआधी थोडं तपासून पाहू.

ब्रेकवर पाय नसतानाही 80-90 च्या वेगाला थरथर होत असेल, तर चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल, तर ती कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर मागची. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात, आणि त्यांचीही गोलाई बिघडते. खडीवर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल टकटक करतं, ते एबीएसचं काम. तो बिघाड नव्हे.

‘वाकली’ हा शब्द आम्हाला खटकतो. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा, डोळ्याला दिसत नाही. पण जाड भाग पॅडमध्ये आला की पकड वाढते, पातळ आला की सुटते. हीच ती थरथर. घाटभर पाय ब्रेकवरच ठेवला, डिस्क तापली, आणि खाली थांबून पेडल दाबून धरलं, की पॅडचा थर एका जागी चिकटतो. दुसरं कारण हबवरचा गंज. त्यावर नवी डिस्क तशीच बसवली तर ती किंचित तिरकी फिरते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच तक्रार परत! चाकाचे नट कमी-जास्त आवळले तरी तेच.

म्हणून मिस्त्रीला सांगायचं: हब घासून साफ करा, डायल गेज लावा, मायक्रोमीटरनं सात-आठ ठिकाणी जाडी मोजा, कॅलिपरच्या पिना मोकळ्या आहेत का बघा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर टर्निंग मारूनही जाडी त्याच्या वर राहणार असेल तर डिस्क वाचते. नाहीतर दोन्ही बाजूंच्या डिस्क पॅडसकट बदलायच्या.

घाटात दुसरा गिअर ठेवा. न्यूट्रल करून इंधन वाचतं हा समज जुना झाला. आजची इंजिनं उतारावर गिअरमध्ये असताना इंधन जवळजवळ बंदच करतात. आणि थरथरीबरोबर पेडल खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर घाट उतरायचाच नाही. गाडी वर तुळजापुरातच दाखवायची.