कुसगावचा पिनकोड: ४१०४०१

कुसगाव बुद्रुकच्या पत्त्याखाली लोणावळ्याचाच पिनकोड लिहितात, ४१०४०१. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी एवढाच हेतू; पण त्या वाटपात कुसगावच्या पदरी चक्क मूळ संख्या पडली.

खात्री करायला संगणक लागत नाही. ६४१ चा वर्ग ४,१०,८८१, आपल्या संख्येहून मोठा. म्हणून ६४० पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिले की झाले. २, ३, ५ आणि १९ यांचे काम तर आयतेच होते: ४,१०,४०० ला या चौघींनीही पूर्ण भाग जातो, तेव्हा पुढच्या संख्येत बाकी १ उरणारच. उरलेले भागाकार कंटाळवाणे आहेत, पण एकाही संख्येने भाग जात नाही. शेजारच्या खंडाळ्याच्या ४१०३०१ ला ९ ने भाग जातो, कामशेतच्या ४१०४०५ ला ५ ने. अर्थात यात कुसगावचे कर्तृत्व काही नाही. एवढ्या मोठ्या संख्यांत साधारण तेरांमागे एक मूळ असतेच.

खरी मौज पुढे आहे. ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. गणितज्ञ फर्माने १६४० च्या नाताळात मेर्सेनला हे कळवले. सिद्धता शतकभराने ऑयलरने दिली. ४१०४०१ ला ४ ने भागल्यावरही बाकी १ च उरते; तिचे ते दोन वर्ग कोणते, हे मात्र शोधावे लागते. कुठल्याही वर्गाला ५ ने भागले तर बाकी ०, १ किंवा ४. आपल्या संख्येची बाकी १, म्हणून दोहोंपैकी एक आकडा ५ च्या पटीतला हवा. मग दुसरा २५ च्या पटीच्या एक अलीकडे किंवा एक पलीकडे. असे चाळत गेले की हाती लागते: ६२४ चा वर्ग ३,८९,३७६, १४५ चा २१,०२५, बेरीज ४,१०,४०१.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी हा पिनकोड वेगळ्या रीतीने तपासला असता. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. ४१०४०१ पासून ४३९९५६, ६५०८४४ असे करत आठव्या वजाबाकीला ४२०८७६ येते आणि तिथून सात संख्यांचे चक्र अखंड फिरत राहते.

कापरेकरांची आणखी एक कल्पना: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. ४१०३७८ मध्ये २३ मिळवले की कुसगाव येते. ज्यांना असा जनक नसतो, त्या स्वयंभू. कुसगाव स्वयंभू नाही.

मूळपण आणि दोन वर्ग हे त्या संख्येचे स्वतःचे गुण. दहाऐवजी आठाच्या पायावर लिहिली तरी ते टिकतात. कापरेकरांची चक्रे दशमान लेखनावर उभी आहेत. एवढ्यावरून त्यांचे काम करमणुकीत जमा करणे मला पटत नाही, कारण ६१७४ ने जितक्या मुलांना वजाबाकीची गोडी लावली असेल, तितकी कुठल्या प्रमेयाने लावली नसावी. तुमचा पिनकोड घेऊन बघा. १, ३, ७ किंवा ९ ने संपत असेल आणि अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जात नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ आहे.